पान कारखान्याने बंद केले, आईने नव्हे

जिच्यावर अन्याय झाला तिने तक्रार करावी, की घरात जिला लिहिता येते तिने? याचे उत्तर मला देता येत नाही. पण सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

मी, चैताली धर्मपाल शिवशरण, वय चोवीस, बी.ए., राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, पूर्ण शुद्धीत आहे. भीती आहे ती सोमवारची; कोणाचा दबाव नाही.

१. बँकेतील शिल्लक व कानातले आई चांगुणा हिला. कानातले मोडू नयेत, घालावेत.

२. लॅपटॉप भाऊ यशपाल याला. आधी भरतीचे फॉर्म भरावेत, मग क्रिकेट.

३. सायकल मैत्रीण इफ्रा हिला. जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये, म्हणून तिची सही घेतली नाही. ती रुसली. "सायकल ठेव तुझ्याकडंच. उसकू ब्रेक बी नै!"

४. आता तक्रार, जिची मला सर्वांत जास्त काळजी आहे. आई विडी वळते. कारखाना तेंदूचे पान व तंबाखू देतो, बायका घरी वळून विड्या पोचवतात. एप्रिलमध्ये त्यांनी मजुरीवाढ मागितली, तर कारखान्याने महिनाभर पान देणेच बंद केले. एका दैनिकाचे बातमीदार गल्लीत आले, बायका रिकाम्या बसलेल्या पाहिल्या आणि छापले, 'विडी कामगार महिला संपावर'. युनियनने सर्वांसाठी भरपाई मागितली, तेव्हा कारखान्याच्या वकिलांनी तेच कात्रण पुढे केले. संप तुमचा, मग भरपाई कसली?

मी बातमीदारांना फोन केला.

"अहो ताई, बायका घरीच बसल्या होत्या की!"

"सर, त्या रोज घरीच बसतात. काम घरीच असतं."

"कारखाना संप म्हणाला."

"आणि बायकांना विचारलंत?"

मागून आई ओरडली, "पानच दिलं न्हाय, तर आमी काय बोटं वळायची व्हय?"

फोन बंद झाला. संपादकांना पत्रे लिहिली, उत्तर नाही. मग वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जायचे ठरवले. तक्रार माझ्या एकटीच्या नावे केली, तर माझ्याबरोबरच संपेल. आईचे नाव घातले, तर नुकतेच सुरू झालेले पान पुन्हा तोडतील. यशपाल म्हणतो, "ताई, सोड की. पेपर दुसऱ्या दिवशी भेळेला जातो." हा गेला नाही, वकिलांच्या फाइलीत आहे.

५. बातमीदारांना मी माफ केलेले नाही. त्यांनी एक दिवस आईशेजारी बसून काम बघावे. ती चहा देईल, टोमणेही देईल.

६. आज सकाळी तक्रार आईला वाचून दाखवली. पान तुटू शकते, हेही सांगितले. तिने सुपातल्या विड्या मोजून बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "तुजं नाव वर ऱ्हाऊ दे. खाली माजं घाल. तू आल्यावर बगू काय व्हतंय ते." तिला धोक्यात घालते आहे का, हे मला अजून कळत नाही. दुपारी दोघींच्या सह्यांची तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवून आले.

सही: चैताली धर्मपाल शिवशरण

आम्हा दोघांसमोर तिने सही केली. आम्हाला यातले काही मिळणार नाही.
साक्षीदार: तिप्पण्णा सिद्धाप्पा कोरे, शेजारी
साक्षीदार: सुंदरम्मा चन्नप्पा बिराजदार, विडी कामगार

सोलापूर, २२ मे २०२५