उसणीच्या भूमिकेत घाम नाही

३ मार्च, सोमवार

सकाळी अपेंडिक्स, दुपारी दमा, चहानंतर पुन्हा अपेंडिक्स. एका मुलीनं पोट इतकं हलकं दाबलं की गुदगुल्या झाल्या. हसलो. काचेपलीकडून शिक्षकांनी डोळे वटारले.

पूर्वी हे काम सांगायची लाज वाटायची. खोटा पेशंट! मेडिकलच्या मुलांना खऱ्या माणसांना हात लावू देण्याआधी आमच्यावर सोडतात. आम्ही कण्हायचं, त्यांनी विचारायचं, मार्क काचेपलीकडचे देणार. त्याआधी मी बोटीवर भांडी घासली, बागेत फळं उतरवली, एका फोटो स्टुडिओत लग्नाळू मुलांच्या कॉलर सरळ केल्या. कुठेच वर्ष काढलं नाही. इथे दुसरं चालू आहे. ताई म्हणते, "आजारी पडणं मानवलं बाबा तुला."

मुद्दा राहिलाच. कॉलेजच्या भिंतीवर सूचना लागलीय. उशिरा शिकायला येणाऱ्यांसाठी डॉक्टरकीच्या सहा जागा. वयाची अट तीस. मला जूनमध्ये तीस पूर्ण होतात. म्हणजे ही पहिली खेप आणि हीच शेवटची.

दमा करताना बघतो ना मी त्या पोरांना. कितीदा वाटतं — अरे, हे विचार की. हे का नाही विचारत. आता तर रस्त्यात कोणी खोकलं तरी मान वळते.

५ मार्च, बुधवार

बारावीचं मार्कशीट ताईच्या कपाटात सापडलं, साड्यांखाली घडी करून ठेवलेलं. त्रेचाळीस टक्के. भावोजींनी चष्मा लावून वाचलं. "त्रेचाळीस? एवढं तर उन्हाळ्यात बाहेर असतं."

ताई त्यांच्यावर चिडली. मग मलाच म्हणाली, "डॉक्टर व्हायला सहा वर्षं लागतात. तू साधं गाणं शेवटपर्यंत ऐकत नाहीस."

खरं आहे. पण या सहा जागांना मार्कांचं वजन कमी, प्रात्यक्षिकाचं जास्त. ओळीनं खोल्या, प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट. आमच्यातलेच! म्हणून अर्ज देताना कारकुनानं विचारलं, "तुम्ही स्वतः कुठल्या भूमिका केल्यात? त्या खोलीत तुम्हाला पाठवणार नाही." मी अपेंडिक्स सांगितलं, दमा सांगितला, मायग्रेन सांगितलं. पाठीतली उसण ओठावर होती, तेवढ्यात मागच्यानं पेन मागितलं. पेन दिलं, त्याच्याशी दोन शब्द बोललो, आठवलं तेव्हा जिना उतरून खाली आलो होतो.

परत वर गेलो नाही. पाय दुखत होते म्हणून नाही.

९ मार्च, रविवार

मावशीकडे. मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी खोटी पेशंट. सख्खी नाही, सगळ्यांचीच मावशी. आधी नाटकात होती. "तिथे तिसऱ्या अंकात मरायचे, इथे दर तासाला," म्हणते.

तिनं आज मला गार घाम शिकवला. आत जायच्या आधी बर्फाचा खडा मुठीत धरायचा, हात नुसता पुसल्यासारखा करायचा, कपाळावर पाण्याचा फवारा. मग तिनं हात पुढे केला. धरला तर अंगावर काटा आला. मेलेल्याचा हात.

"पण पाहिजे तिथेच हं," म्हणाली. "हार्टला बर्फ. उसणीला बर्फ धरलास तर हाकलून देतील. आणि एक ध्यानात ठेव. दुखतंय म्हणून बोंब मारतो तो जगतो. मी ठीक आहे म्हणणारे जातात."

निघताना चपला घालत होतो तेव्हा विचारलं तिनं, "उसण केलीयस ते सांगितलंस ना वर?"

"हो."

ती डबा धूत होती. माझ्याकडे बघितलं नाही ते बरं झालं.

१४ मार्च, शुक्रवार

अभ्यास शून्य. खिडकीतून समोरच्या गवंड्याकडे बघत बसलो. त्याची भिंत मात्र सरळ आली.

१७ मार्च, सोमवार

उद्या. प्रात्यक्षिक आहे. ताईनं ताट पुढे सरकवलं, मी मागे सरकवलं, असं तीन वेळा झाल्यावर भावोजींनी खाऊन टाकलं.

हृदयाचे कप्पे म्हणून बघत होतो. चार कप्पे, चार झडपा. कुठली झडप कुठे, हे आठवता आठवता बोटीवरचा पंप आठवला. त्याची झडप मीच बदलली होती. मग त्या बोटीवरचा स्वयंपाकी आठवला. मग तो आता कुठे असेल — आणि अर्धा तास गेला.

ताई आत आली, दिवा मालवायला म्हणून. म्हणाली, "नाही झालं तर पुन्हा पिशवी भरून चालता होशील, होय ना?" मी पुस्तक मिटलं. "या वेळी पत्ता तरी देऊन जा," म्हणाली.

झोप येत नाही. उसणीचं येऊन जाऊन मनात. तीस-चाळीस भूमिका असतील. तीच कशाला येईल?

१८ मार्च, मंगळवार

तीच आली.

पहिल्या तीन खोल्या बऱ्या गेल्या. चौथीचं दार उघडलं तर खुर्चीत मावशी, गळ्यात शिंप्याची टेप. म्हणजे उसण. मी करतो तेव्हा शिंपी, ती करते तेव्हा शिंपीण, बाकी शब्द न् शब्द तेच. दार परत ओढावंसं वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, आनंदही झाला. फुकटचे मार्क.

"काय होतंय बाई?"

"पाठीत भरलंय डॉक्टर. काल शिलाई मशीन उचललं."

बरोबर. हललं की दुखतं का, विचारलं. उत्तर मला तोंडपाठ — "हो हो, वळले तरी जीव जातो." ती म्हणाली, "नाही हो. कशानंच कमीजास्त होत नाही."

चुकली, म्हटलं. पण मावशी आणि चुकणार?

पाठ दाबून बघितली. ओरडायला हवी होती. ओरडली नाही. "खालचे दात ठणकतायत मघापासून," म्हणाली. दात? उसणीत दात कुठून आले? तेव्हा कुठे मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. कपाळ ओलं. हात धरला. गार, चिकट. रविवारचा हात.

पहिलं मनात आलं ते बर्फ. दुसरं आलं, उसणीला ती बर्फ कशाला धरेल? उसणीच्या भूमिकेत घाम नाही. मी चार वेळा केलीय, कोरडी आहे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत.

म्हणजे हे खरं.

भिंतीवर लाल घंटा असते. खोट्या पेशंटला खरोखर काही झालं तरच वाजवायची. हात तिकडे गेला आणि थांबला. कारण पुढचं सगळं एकदम दिसलं. कशावरून, विचारणार. भूमिकेत हे नाही म्हणून, मी सांगणार. तुम्हाला काय माहीत भूमिकेत काय आहे — संपलं. काचेकडे बघितलं. त्यात माझंच तोंड.

मावशी म्हणाली, "डॉक्टर, मी ठीक आहे."

वाजवली.

परीक्षक डॉक्टरीणबाई आत आल्या. मी एका दमात बोलून टाकलं. "ही भूमिका मी केलीय. मला पाठ आहे. यात घाम नाही, दात नाहीत. ही खरी आजारी आहे, हार्ट असेल, लवकर न्या." त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. दोघे स्ट्रेचर घेऊन आले. मावशी काहीतरी सांगत होती, गडबडीत कोणी ऐकलं नाही. मी तिचं मनगट धरून दारापर्यंत गेलो. तिथे एकानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

पुढच्या खोलीत मला जाऊ दिलं नाही.

मावशीचा फोन बंद. परीक्षा तीन दिवस चालते, तोवर पेशंटांना आतच ठेवतात आणि फोन काढून घेतात, ते माहीत आहे. पण ती आत आहे का कुठे आहे? हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारलं. "अशी कोणी बाई आमच्याकडे नाही." नाही म्हणजे? आली नाही की राहिली नाही? पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. बाहेर मोसंबी घेतली. कोणासाठी घेतली, माहीत नाही.

१९ मार्च, बुधवार

समितीनं बोलावलं. लांब टेबल, तीन माणसं, मधे त्याच डॉक्टरीणबाई.

मी बसायच्या आधी विचारलं, मावशी कशी आहे. "ठीक आहेत." एवढंच. परीक्षा संपेपर्यंत त्यांच्याबद्दल बोलता येणार नाही, म्हणाल्या. मला तेवढं पुरलं. खुर्चीत बसलो.

मग त्यांनी विचारलं, "अर्जाच्या वेळी उसण का सांगितली नाहीत?"

मागच्यानं पेन मागितलं, हे सांगणार होतो. नाही सांगितलं. "फायदा होईल वाटलं."

"आणि काल सांगितलीत."

"हो."

"डॉक्टरकीची जागा देता येणार नाही. काल खरं बोललात म्हणून आधीचं पुसलं जात नाही."

मी मान हलवली. उठणार होतो तर म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सवरच्या मदतनिसांचा वर्ग सोमवारी सुरू होतोय. त्याला वयाची अट नाही, मार्कांची नाही. उद्या पाचपर्यंत नाव देता येईल. तुम्ही एका जागी बसणारे दिसत नाही."

दया! डॉक्टर व्हायला आलो आणि गाडीमागे लोंबकळू? आभार मानून निघालो.

घरी ताईला म्हटलं, जागा गेली पण एक जीव वाचला. बोलायला बरं वाटलं. दोनदा बोललो. भावोजीसुद्धा चेष्टा न करता बघत राहिले. एवढ्यावर माणूस कुठेही जाऊ शकतो. फळबागेत या दिवसांत माणसं लागतात. पिशवी भरली. सगळ्यात वर बूट.

२० मार्च, गुरुवार

दुपारी परीक्षा संपली आणि मावशी दारात. ठणठणीत. ताईनं ठेवलेली मोसंबी सोलत बसली.

"परवा सकाळी भूमिका बदलली रे. जुनी कोणाला पाठ असेल म्हणूनच. वरून उसण, आतून हार्ट. म्हणून बर्फ. आणि घंटा वाजली की परीक्षकांनाही न्यावंच लागतं, आमचं कोण ऐकतं? ओरडतेय मी ठीक आहे, ठीक आहे — तरी ईसीजी काढला. घोड्यासारखं आहे म्हणे हार्ट."

म्हणजे कोणी मरत नव्हतं. कोणाचा जीव वाचला नाही. मी ताईकडे बघायचं टाळलं.

मावशीनं बाही वर केली. मनगटावर माझी बोटं उमटलेली, निळी. "त्या खोलीत तिघांनी हार्ट ओळखलं. छान उत्तर दिलं, नमस्कार केला, पुढच्या खोलीत गेले. मी तशीच बसलेले हातात बर्फ धरून." फोड तोंडात टाकली. "तू तेवढा घाबरलास."

बूट पिशवीतून काढले. कॉलेजच्या जिन्यावर चढताना पावणेपाच झाले होते. तोच कारकून. "याआधी काय काय केलंय?" बोटीपासून सुरुवात केली. काही सोडलं नाही. मागची रांग वैतागली.