आईशी पडद्यावरून बोलणं

ता. ४ जानेवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, असे समज. इकडे सर्व ठीक. तिकडचे कळवायची तसदी घेऊ नकोस.

तुझ्या नव्या सिनेमाच्या जाहिरातीचा कागद शाळेच्या भिंतीवरच डकवलाय. केस मोकळे, डोळे वर, आणि खाली हे एवढं थोरलं तोंड. पोरं माझ्या पाठीमागे खुसखुसतात. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, की बाई नात्यातल्या का? मी नाही म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं. तुझी पत्रं मी आईला वाचून दाखवत नाही. आली की चुलीत घालतो. तिला अक्षरओळख नाही आणि ऐकूही येत नाही, तेव्हा मी सांगेन तेवढंच तिला कळणार. ती रोज विचारते, ठकूचं काही आलं का? मी ओठ नीट हलवून सांगतो, नाही आलं. हळूहळू विचारायची थांबेल. तुझ्या वेळच्या बाळंतपणात तिचे कान गेले, एवढं तुझ्याकडून तिला पुष्कळ झालं.

लोभ उरला असेल तर आटोपता घ्यावा.
दादा

ता. ११ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काय पण मर्दुमकी! बहिऱ्या बाईला फसवायचं आणि वर ते पत्रात लिहून कळवायचं. तू मुलांना शिकवतोस तरी काय रे?

गेल्या वर्षी मी दारात उभी होते तेव्हा तू आतून कडी लावलीस. मी हात दुखेस्तोवर दार बडवलं. आई पलीकडच्या खोलीत निवडत बसली असणार. तिला दार वाजलेलं कुठून कळणार? ते तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू निवांत होतास.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत, खिडकीत ऊन येतं, पाण्याचा नळ घरात. आईने माझ्याकडे यावं, एवढंच मला हवंय. माझी बाजू एकदा तिला कळू दे, मग राहायचं कुठे ते तिचं ती ठरवील. तू सांगणार नाहीस म्हणतोस ना? नको सांगूस. मीच सांगेन.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ तूर्त बांधून ठेवला आहे.
ठकू

ता. २ एप्रिल

ठकूस,

तू काय चेटूक केलंस ते मला सरळ सांग.

शेजारची शिंपीणबाई आईला तुझं चित्र बघायला घेऊन गेली. मला न विचारता. आता आई रोज जाते! चित्रात म्हणे नवरा तुला घराबाहेर काढतो आणि तू त्याच्या पायाशी लोळण घेऊन रडतेस. सगळं थेटर डोळे पुसत असतं आणि आमच्या मातोश्री पुढच्या बाकावर बसून हसतात. टाळ्या वाजवतात. लोक म्हणायला लागले, मास्तरांच्या आईला वेड लागलं.

काल घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, की पत्रं का जाळलीस? कडी का लावलीस? तुझी वहिनी जेवायला वाढत होती, तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मी म्हटलं, कोण सांगतं असलं? तर म्हणते, ठकू स्वतः सांगते.

शिंपिणीला कोणी पढवलं? खरं काय ते लिही.
दादा

ता. ९ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

शिंपिणीच्या वाटेला जाऊ नकोस. तिला यातलं काही माहीत नाही.

अरे, आमच्या चित्रात आवाज असतो का? दिग्दर्शक ओरडतो, की रडा बाई, तोंड हलवा, काहीही बोला. बोललेलं काय ते मागाहून पाटीवर लिहून येतं. बाकीच्या बायका काय वाटेल ते पुटपुटतात. मी आईशी बोलते. लहानपणापासून तिच्यापुढे तोंड करून, एकेक शब्द ओठांवर मांडून बोललो ना आपण? त्याच सवयीवर मला हे काम मिळालं. पाटीवर येतं, नाथ, मला टाकू नका. मी म्हणत असते, आई, मी मजेत आहे, दर महिन्याला पत्र टाकते, दादा ती जाळतो. पायाशी लोळण घेताना मी कडीचं सांगितलं. तो नवरा झालेला नट बिचारा गोंधळून गेला होता.

पण आता हे संपलं. बोलपट आले. इथे छताला आवाज टिपायचं यंत्र टांगलंय आणि माझा आवाज ऐकून मालकांनी तोंड वाकडं केलं. हो, हस. माझा घसा फुटका आहे हे तू नेहमीच म्हणायचास. एकच मुकं चित्र राहिलंय, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे लागेल. त्यात मी मरते. मरता मरता आईला गाडी आणि स्टेशन सांगितलंय. हिंमत असेल तर अडव.

लोभाचं तू तुझं बघ.
ठकू

ता. २० मे

ठकूस,

आई आज दुपारच्या गाडीत बसली. उद्या सकाळी स्टेशनवर वेळेवर जा, अशी तार तुला केलीच आहे. नेहमीसारखा धांदरटपणा केला नसशील असं धरून चालतो. शिंपीणबाई सोबत आहे.

तुला मी माफ केलेलं नाही. तुझी नोकरी गेली हेही बरंच झालं. पण तिच्याशी बोलताना खिडकीला पाठ करून उभी राहत जाऊ नकोस, तोंडावर अंधार येतो आणि तिला शब्द दिसत नाहीत. पाठीमागून एकदम हात लावू नकोस, दचकते.

मी तिला घरी कोंडणार होतो. मग वाटलं, आपणच तिच्याबरोबर थेटरात जावं आणि तू म्हणतेस ते काही खरं नाही असं तिला पटवावं. बसलो शेजारी. तू खाटेवर पडून तोंड हलवत होतीस आणि मला एक अक्षर कळेना. जन्मभर मी तिच्याशी बोललो, पण ओठ वाचायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती मात्र मान डोलवत होती.

घरी येऊन तिने गाठोडं बांधलं. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तिकडे तुला कोण बघणार? ठकू आता बेकार आहे. मी मुलगा आहे, मी वाईट वागलो असेन, पण... आणखी पुष्कळ सांगायचं होतं गं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी थांबेपर्यंत उघडले नाहीत.

तिचा लोभ माझ्यावर राहिलाय का, तेवढं तिला विचारून कळव.
दादा