कंदिलाच्या दोरीवरचा तारा

अड्याळ, २३ डिसेंबर

आज सकाळी शेवंतीच्या वाफ्याला पाणी दिलं आणि दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या सोडवून त्यांचा तारा बांधला. वर पतंगी कागद लावला. एक टोक वाकडंच राहिलं. मग तो धानाच्या ढोलीमागे लपवला. का लपवला?

लग्नानंतर मुलगी पहिल्यांदाच येते आहे, उद्या, नाताळ करायला. जावई ख्रिस्ती. दुपारी तिचा फोन आला, "बाबा, तुमी काही करू नका. लोकं बोलतीन." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. स्वतःच्या घरी तिने असं दबून यावं?

संध्याकाळी तुळशीपुढे हात जोडले, पण मनात तेच वाकडं टोक. देवाला हे चालेल का? तेवढ्यात आमच्या हिने ढोलीमागून तारा काढून आणला.

"देवाले कायले मधात आणता? तुमाले शेजाऱ्याचा भेव आहे. अन् हे टोक कोणाच्या नाकासारखं केलं?"

खरं बोलली. भीती देवाची नव्हतीच.

अंगणात कंदिलाची दोरी अजून होती. रस्त्यावरून दिसेल असा तारा तिथे चढवला. शेजारी ओरडलाच, "काहो भाऊ, दिवाळी सरली नाही का तुमची?"

"जावयाचा सण आहे," मी मोठ्याने सांगितलं आणि दोरीला गाठ मारली.