मागाच्या आवाजात निजणारी

सोलापूर, १९७५

प्रिय शिवा,

तू रुसली आहेस, ठाऊक आहे मला. धाकट्या बहिणीच्या पहिल्या मुलाचं बारसं आणि मोठीचा पत्ता नाही! माढा काही लंकेत नाही. पण त्या दिवशी मी नीलाला घेऊन पुण्याला गेले होते. का, ते आईलाही बोलले नाही. आज तुला सांगते. पत्र शेवटपर्यंत वाच आणि तोवर तुझ्या सासूबाईंच्या हातात देऊ नकोस.

नीला दुष्काळाच्या साली सातव्या महिन्यातच झाली. ओंजळीत मावेल एवढी. कापसात गुंडाळून जगवली तिला. वजन धरलं तसं दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली, टॉनिक लिहून दिलं आणि विषय संपला. पुन्हा आणा, कशी वाढते ते बघू, असं चकार शब्दाने बोलले नाहीत. अगं, आमच्याकडे चादर बाजारात जायच्या आधी उजेडात धरतात, कुठे धागा सुटलाय का ते बघायला. इथे अख्खी पोर हातात दिली, पण कुणी धड तपासली नाही!

मग आमच्या घरची तऱ्हा. मागांच्या शेडमध्येच तुळईला पाळणा टांगलेला. माग सुरू असले की माणसाला कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, आणि नीला त्यात गाढ झोपायची. लाईट जाऊन माग थांबले की टक्क जागी. सासूबाईंना कोण कौतुक! आल्यागेल्याला पाळण्यापाशी नेऊन म्हणायच्या, "बघा की, इणकराचं रक्त हाय! मागाच्या आवाजात निजती, माग थांबला की उठती." बायका कानशिलावर बोटं मोडून जायच्या.

वर्ष उलटलं तरी पोर हाकेला वळेना. मी विचारलं की सगळ्यांचं एकच पालुपद. बसली उशिरा, तर सातमाशी आहे. चालली उशिरा, तर सातमाशी आहे. हाक मारली तरी बघत नाही, तरीही सातमाशीच! मोठे डॉक्टर हसून म्हणाले, घाई कसली, अशी मुलं उशिराच बोलतात. आमचे हे म्हणाले, तू फार मनाला लावून घेतेस. मी एकटी खुळी, बाकी सगळे शहाणे.

शेवटी गेल्या थंडीत कुणाला न विचारता सरकारी दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, दिवस पुरे भरले असते तर ही कधी झाली असती? तिथून तिचं वय मोजलं आणि म्हणाल्या, बसणं-चालणं वेळेवरच झालंय हो. मला हायसं वाटलं. मग त्यांनी नीलापुढे रंगीत मणी टाकले, तिच्या पाठीमागे गेल्या आणि वाटीवर चमचा मारला. दाराबाहेर बसलेली म्हातारी दचकली. नीला मणी वेचत राहिली. त्यांनी पुन्हा मारला, आणखी जोरात. नीला मणीच वेचत होती.

पाळण्याचं कोडंही त्यांनीच उलगडलं. माग चालले की तुळई थरथरते आणि तुळईबरोबर पाळणा. पोर त्या थरथरीवर झोपायची आणि ती थांबली की उठायची. सगळ्या गल्लीने ज्याचं कौतुक केलं तेच दुखण्याचं लक्षण होतं! लवकर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा बोलावून कान, डोळे, हातपाय तपासायला हवेत, असं बाई म्हणाल्या. वेळेवर कळलं असतं तर एव्हाना नीला बोलायला लागली असती. शिवा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या पोरीची एवढी वर्षं कुणी खाल्ली गं?

घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, "धडधाकट पोरीला भैरी म्हणतीस व्हय? उद्या कोण करून घेईल तिला?" म्हणजे काळजी पोरीच्या कानाची नाही, लोकांच्या तोंडाची! त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा उलटून बोलले, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

पुण्याला यंत्र मिळालं. छातीवर डबी, तिच्यातून कानात वायर. परत आल्यावर तिला घेऊन शेडमध्ये पाऊल टाकलं, तर नीला मागांचा आवाज ऐकून किंचाळली आणि माझ्या गळ्याला घट्ट बिलगली. पोर भ्यालेली बघून मी आनंदाने रडले. कामगार बघतच राहिले.

आता पत्राचं कारण. परवा तुझे यजमान मल्लप्पा धान्याच्या ट्रकबरोबर इथे आले होते. चहा घेताना तुझ्या सिद्धूचं कौतुक चाललं होतं. "सातव्या म्हैन्यात झालं, पर लई गुणी पोरगं हाय बघा अक्का. दारात ट्रकचा भोंगा वाजला तरी झोप मोडत न्हाय त्याची." माझ्या हातातली बशी खाली पडली. त्यांना काही बोलले नाही, हसण्यावारी नेलं असतं. तुला सांगते. सिद्धू जागा असेल तेव्हा त्याच्या पाठीमागे उभी राहा. तुझी सावली दिसू देऊ नकोस, पाय आपटू नकोस. थाळी वाजव. दचकला तर अक्काला पोटभर शिव्या दे, मी पेढ्यासारख्या खाईन. नाही दचकला तर सातमाशा म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकत बसू नकोस. पहिली एस.टी. धर आणि त्याला घेऊन ये. तपासायला डॉक्टरीणबाई आहेत, आणि भांडायला मी आहे.

वाट बघणारी तुझीच,
हेमावतीअक्का