खुर्च्या पायी पोचवाव्यात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, राहणार दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत, डोके ठिकाणावर असताना आणि सकाळचा चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आमच्या ह्यांचे म्हणणे, "आत्ताच काय नडलंय?" नडले असे काही नाही. पुढच्या महिन्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टरबाई म्हणतात साधे आहे, आठवडाभरात घरी जाल. जाईनही. मला मरायची मुळीच हौस नाही. पण गिऱ्हाइकाला देण्याआधी खुर्ची एकदा उलटी करून बघायची मला सवय आहे, तसे हे बघून ठेवते.

वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. तो एका पानात मावला. त्यात माझे घर होते, बँक होती, वारस होते, पण मी कुठे सापडेना. म्हणून पुन्हा माझ्या हाताने लिहीत आहे. जास्तीचा मजकूर त्यांनी गोड मानून घ्यावा.

१. घर. हे घर मला वडिलांकडून आले आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ह्यांनी त्यात हयातभर राहावे. "आमच्याकडे चला, इथे एकटे काय करता" म्हणून कोणी त्यांना उचलून नेऊ नये. त्यांच्यानंतर घर माझ्या एकुलत्या एक लेकीचे. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, मी डोकावायला येणार नाही. मागच्या गॅलरीचे दार हिवाळ्यात फुगते आणि लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, त्याला सुतार लावू नये. ऊन तापले की ते आपोआप वठणीवर येते.

२. बँकेत ऑपरेशननंतर जे काही उरेल ते निम्मे ह्यांचे, निम्मे लेकीचे. दागिने सगळे लेकीचे. यावर बोलण्यासारखे आणखी काही नाही.

३. हत्यारे. कात्र्या, सुया, लाकडी हातोडी, वेत भिजवायचा टब, हे सर्व जावईबापूंना द्यावे. हसू नका. जावई ऑफिसात बसणारे, त्यांना साधा खिळा ठोकता येत नाही हे मला माहीत आहे. पण एकदा सुट्टीत आले आणि म्हणाले, "आई, मला शिकवा ना." चार दिवस बसून त्यांनी एक बैठक विणली. कोंबड्यांनी उकरल्यासारखी दिसत होती. मी तसे सांगितले, तर माझ्याहून जास्त तेच हसले, आणि लेकही इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. घरात हत्यारे गेली की कधीतरी पुन्हा तसे हसतील, एवढाच हेतू.

४. आता मुद्द्याचे. घर, बँक हे सगळे ठीक आहे, पण माझ्या जिवाला घोर लागला आहे तो ह्यांचा.

ह्यांची सगळी नोकरी घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. ह्यांनी कडी वाजवली नाही असे दार गावात शोधून सापडायचे नाही. बूट झिजायचे, माणूस ताजाच. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात जिन्यात पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. हाड चांगले जुळले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता खुशाल हिंडा." हे म्हणाले, "हो, उद्यापासून." तो उद्या अजून उगवायचा आहे. एक आख्खा वसंत खिडकीत बसून काढला, दुसराही तसाच चालला आहे. समोर काय, तर शेजारच्यांची भिंत आणि खाली रस्त्याचा एक तुकडा. खोदून खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "अर्ध्या वाटेत पाय भरून आले तर? रस्त्यात फतकल मारून बसू?"

मला ऑपरेशनचे भय नाही. मला भय आहे ते हे, की मी गेले तर हा माणूस त्या खिडकीतून उठणार नाही. लेक जेवण पाठवेल, औषधे पाठवेल, रोज फोन करेल, आणि हे भिंत बघत बसतील. हे मला चालणार नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी मेल्यावरही जायची नाही. म्हणून पुढची कलमे.

५. आमच्या दुकानाचा वडिलांपासून एक रिवाज आहे. नवी विणलेली खुर्ची गाडीवर टाकून पाठवायची नाही. ती खांद्यावर घेऊन पायी न्यायची, वाटेत उन्हात एकदा खाली ठेवायची आणि तिच्यावर बसायचे. वेत ओला असताना विणतात, वाळला की तो ताणतो, आणि माणूस बसल्याशिवाय वीण जागेवर येत नाही. करकरली तर उलट पावली परत आणायची.

लोक हिवाळाभर घरात बसून खुर्च्या मोडतात आणि थंडी सरली की दुरुस्तीला आणतात. त्यामुळे आमचे पोचवणे सगळे वसंतातले. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी हे खुर्ची खांद्यावर घेऊन माझ्याबरोबर निघत. पुलाच्या मधोमध बसलो आहोत, खालून नदी. बेकरीच्या मागच्या गल्लीत बसलो आहोत, भट्टीचा गरम वास. रेल्वे फाटकाजवळ एक झाड आहे, त्याला पाने यायच्या आधी पांढरी फुले येतात, त्याच्याखाली तर किती वेळा. खुर्ची एक आणि माणसे दोन, म्हणून आमचा कायदा असा, की उभ्याने शेंगा सोलायच्या आणि बसलेल्याने खायच्या. मग पाळी बदलायची. वीण जागेवर यायला खरे तर पाच मिनिटे पुरतात. आम्हांला दुपार पुरत नसे.

लोक सहलीला कुठे कुठे जातात, फोटो आणतात. आम्ही कुठे गेलो नाही. दोन चौक ओलांडले की आमचे परगाव सुरू व्हायचे. पण त्या खुर्चीत पाय पसरून बसल्यावर मला वाटायचे, की आपण फार सुखात आहोत. मागाहून आठवून वाटले असे नव्हे, तिथल्या तिथे वाटायचे, आणि मी ह्यांना तसे सांगायचेही. हे म्हणायचे, "मग ऊठ आता, माझी पाळी."

६. जुना हिशेब. लग्नाला दोनच वर्षे झाली होती. शाळेच्या हेडमास्तरांची उंच पाठीची खुर्ची आम्ही नेत होतो. हे त्या झाडाखाली ऐटीत बसलेले, मी उभी राहून शेंगा सोलते आहे, आणि समोरून दस्तुरखुद्द हेडमास्तर. भर रस्त्यात त्यांनी आवाज चढवला. "माझ्या खुर्चीत बसून खाता? मीटर वाचणाऱ्याची जागा पायरीवर, खुर्चीत नाही! वापरलेली वस्तू मी घेत नाही, घेऊन जा." फाटक बंद होते, दोन्हीकडे माणसे खोळंबली होती, सगळ्यांनी ऐकले.

आम्ही खुर्ची परत आणली. ती अजून दुकानात आहे, मी ती दोनदा नव्याने विणली. पुढे निवृत्त होईपर्यंत ह्यांना दर महिन्याला हेडमास्तरांच्या घरचा मीटर वाचायला जावे लागले. ते दार अर्धेच उघडत, आणि हे एक अक्षर न बोलता आकडा टिपून घेत. आता हेडमास्तर नव्वदीला टेकलेत. रोज सकाळी काठी टेकत फिरायला जाताना दुकानापुढे थांबतात, आत त्या खुर्चीकडे बघतात आणि पुढे जातात. मीही त्यांना कधी "या" म्हटले नाही. मानाच्या बाबतीत आम्ही दोघेही शेरास सव्वाशेर.

७. दुकानातल्या खुर्च्यांची वाटणी खालीलप्रमाणे :

(अ) हातांची खुर्ची माझ्या वन्संना. ह्यांची ही थोरली बहीण आयुष्यभर आमच्या घरातल्या सर्वांत चांगल्या खुर्चीत बसली आणि दर वेळी म्हणाली, "टोचतंय गं." आता तिने ती स्वतःच्या घरी टोचून घ्यावी. वाट पुलावरून. पुलाच्या मधोमध बसावे.

(आ) बुटकी खुर्ची डॉक्टरबाईंना, ह्यांचा पाय जुळवल्याबद्दल. वाट बेकरीमागच्या गल्लीतून.

(इ) उंच पाठीची खुर्ची हेडमास्तरांना. ती त्यांचीच आहे. वाट फाटकावरून, झाडाखाली बसून.

(ई) झुलती खुर्ची लेकीला. ती परगावी राहते, म्हणून स्टेशनापर्यंत पायी न्यावी, फलाटावर गाडी येईपर्यंत झुलावे आणि तसेच गाडीत बसून तिच्याकडे जावे.

अट अशी, की या चारही खुर्च्या ह्यांनी स्वतः, खांद्यावर घेऊन, पायी पोचवाव्यात. एका दिवशी एकच. झाडांना पालवी फुटल्यापासून ऊन चटके देऊ लागेपर्यंत, एरवी नाही. लेकीने किंवा जावयाने मध्ये पडून टेंपो मागवू नये. वेताची खुर्ची पिशवीभर भाजीइतकी हलकी असते, तेव्हा वजनाचे निमित्त चालणार नाही. आणि अहो, पाय भरून आले तर बसायचे कुठे, हा प्रश्नच राहत नाही. खुर्ची बरोबरच आहे.

ह्यांनी टाळाटाळ केली तर वन्सं आपली खुर्ची मागायला रोज येतील. मग बसा ऐकत.

८. साक्षीदार. वकीलबाई म्हणाल्या, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. झाली पंचाईत! ओळखीच्या सगळ्यांना काही ना काही देऊन बसले. उरले कोपऱ्यावरचे चष्मेवाले. त्यांना तसे सांगितले तर त्यांचे तोंड उतरले. "म्हणजे इतक्या वर्षांच्या शेजाराला फक्त सही?" म्हटले, हो, फक्त सही. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत हा कागद तसाच राहील.

पुरवणी

वरचा मजकूर टेबलावर ठेवला होता, तो ह्यांनी वाचला. माझी इच्छा होतीच, नाही कशाला म्हणू? भडकले. "मी काय हमाल आहे? मेल्यावरसुद्धा कामाला लावतेस?" मग म्हणाले, "आणि त्या हेडमास्तराच्या दारात मी पाय ठेवणार नाही. लिहून घे." मी म्हटले, "नका ठेवू. मी मेल्यावर मला काय कळणार आहे?" त्यावर संध्याकाळभर आमच्यात अबोला. ह्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त तपासायला दवाखान्यात गेले. परत आले तर खिडकी रिकामी. हाक मारली, ओ नाही. जिना बघितला, न्हाणीघर बघितले. काठी कोपऱ्यात तशीच. मग खाली दुकानात बघते तर उंच पाठीची खुर्ची जागेवर नाही. मीच लिहिले होते, आणि आता मलाच वाटू लागले, की पडला असेल कुठेतरी हा माणूस.

चष्मेवाले दारातूनच ओरडले, "फाटकाकडे गेलेत! माझ्या दुकानासमोर एकदा बसले. म्हटलं, काय काका? तर म्हणाले, वीण जागेवर आणतोय!"

मी घरातल्या सपाता घालूनच धावले. लांबूनच झाड दिसले, नुसते पांढरे झालेले. खाली खुर्ची होती आणि खुर्चीत हेडमास्तर बसले होते. शेजारी हे उभे राहून शेंगा सोलत होते आणि त्यांच्या हातावर ठेवत होते.

"अहो!" मी म्हटले.

"त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं," हे म्हणाले. "म्हणून इथेच थांबलो. येतात रोज फिरायला. माहितीये मला, खिडकीतून दिसतात."

नंतर ह्यांनी सांगितले ते असे. हेडमास्तर समोर येऊन उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारले, "माझीच ना ही?" हे म्हणाले, "तुमचीच. पण वापरलेली आहे." हेडमास्तर म्हणाले, "मीही वापरलेलाच आहे आता. त्या दिवशी मी फार वाईट बोललो हो. घरी जाऊन तेव्हाच कळलं होतं, पण तुमच्या दारात यायची छाती झाली नाही." ह्यांनी त्यांना खुर्चीत बसवले आणि खिशातल्या शेंगा काढल्या.

मी धापा टाकत होते. ते बघून हेडमास्तरांनी काठी रोवली, खुर्चीच्या कडेला धरून उठायला लागले. मी नको नको म्हणत होते. ते उठलेच. म्हणाले, "बसा बाई. तुमची पाळी."

मी बसले. वरून दोन फुले मांडीवर पडली, मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. हेडमास्तरांनी ह्यांच्याकडून मूठभर शेंगा घेतल्या आणि त्या माझ्यासाठी सोलू लागले.

"करकरते का गं?" ह्यांनी विचारले.

"नाही," मी म्हटले. "मुळीच नाही."

सबब, कलम ७ (इ) रद्द समजावे. खुर्ची मालकाकडे माझ्या हयातीतच पोचली. हेडमास्तरांना या मृत्युपत्राने आता काहीही मिळत नाही, तेव्हा साक्षीदार म्हणून ते चालतात. वकीलबाईंना फोनवर विचारून घेतले. ७ (अ) ऑपरेशनच्या आधीच, येत्या रविवारी, आम्ही दोघे पोचवणार आहोत. वन्संना कळवले आहे. त्या म्हणाल्या, "टोचणार नाही ना?" बाकीची कलमे कायम, पण मला वाटते, अमलात आणायला फारसे काही उरणार नाही.

माझ्या मागोमाग आलेल्या चष्मेवाल्यांना कागद आणायला पिटाळले आणि ही पुरवणी इथेच लिहिली. या मृत्युपत्रावर मी साक्षीदारांसमोर, त्याच खुर्चीत बसून, सही केली.

स्थळ : रेल्वे फाटक, झाडाखाली
तारीख : सोळा मार्च

सही : खुर्च्या विणणारी

साक्षीदार पहिला : चष्मेवाले. (मला काहीही मिळालेले नाही, याची नोंद घ्यावी.)

साक्षीदार दुसरा : निवृत्त हेडमास्तर. (खुर्ची मिळाली. तक्रार नाही.)