स्तुतीचा प्रयोग आणि कूलरचं पाणी

३ मे १९८४, सकाळ
ठरलं. एम.एड.चा प्रबंध या उन्हाळी सुट्टीतच उरकायचा. परिकल्पना: स्तुती केल्याने कामाचा दर्जा सुधारतो. आता फक्त सिद्ध करायची राहिली. माझे मार्गदर्शक, वर्ध्याचे हरिभाऊ सर, यांनी होकार दिला की आमच्या हायस्कूलचा पुढचा हेडमास्तर मी. नाही तर बापूजी मास्तर, ज्यांना मानसशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांतला फरक सांगता येत नाही.

दुपार
शाळा बंद. प्रयोगाला माणसं कुठून आणायची? घरातच आहेत. प्रायोगिक गट: बायको, म्हणजे कोकिळा. तिच्या स्वयंपाकाची भरपूर स्तुती. नियंत्रित गट: आई. तिच्या स्वयंपाकाबद्दल चकार शब्द नाही. दोघी आलटूनपालटून रांधतात, त्यामुळे डिझाइन आयतंच मिळालं. अट एकच, दोघींना पत्ता लागता कामा नये.

५ मे
कोकिळाच्या पाटवडीची तोंड भरून स्तुती केली. तिने ताप आहे का विचारलं. प्रतिसाद उत्तम.
कूलरमध्ये पाणी तीच भरते. आज सहज दोन बादल्या मी टाकल्या. म्हणाली, तुमी भरलं का हवा कशी गारच येते. बाईची निरीक्षणशक्ती चांगली आहे.

६ मे
आईचा गोळाभात. गप्प राहणं फार जड गेलं, कारण झकास झाला होता. पण विज्ञान म्हणजे विज्ञान. हात धुतल्यावर कूलर भरला.

११ मे
आई कोकिळाला विचारत होती, आपला रूपराव मले बोलूनच नाई राह्यला, काऊन वं? कोकिळा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग दोघी बराच वेळ हसल्या. हसण्यासाठी रकानाच ठेवलेला नाही.
कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. कोकिळाच्या मते ताट्या साऱ्या आर्वीत आहेत, भिजवायची अक्कल एखाद्यालेच असते. खरं आहे.

१५ मे
निकाल दिसू लागले! कोकिळा: दहापैकी नऊ. आई: दहापैकी चार. आज नुसतं पिठलं, तेही अळणी. स्तुतीअभावी दर्जा घसरला, अगदी परिकल्पनेप्रमाणे. मीठ मागितलं तर आई म्हणाली, ज्या जिभेले बोलता येत नाई तिले मीठ काऊन पायजे?
आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं. पण ते नोंदवत नाही.

१९ मे
विहिरीचं पाणी खोल गेलं. पाठ धरली. शेजारच्या किसनरावांनी विचारलं, मास्तर, आजकाल तुमीच पाणी भरून राह्यले? व्यायाम, असं सांगितलं.

२४ मे, संध्याकाळ
हरिभाऊ सर जेवायला आले. मी प्रयोग रंगवून सांगत होतो. तेवढ्यात आतून कोकिळा म्हणाली, हवा गरम येऊन राह्यली. सरांना थांबायला सांगून विहिरीवर गेलो. परत आलो तर सर ठसका लागेपर्यंत हसत होते. कोकिळाने सगळं सांगून टाकलं होतं. आईने पुस्ती जोडली, पोटचा आहे, फुकट गोड बोलत नाई हे मले पयल्याच दिवशी समजलं.
सरांनी विचारलं, सुट्टीआधी तुम्ही कूलर कधी भरला होता? कधीच नाही, म्हणालो.
सरांचा निर्णय: माझा प्रबंध नामंजूर. परिकल्पना मात्र सिद्ध. फक्त संशोधक कोकिळा आणि प्रायोगिक गट मी. कोकिळा बी.ए. आहे हे कळल्यावर तिला बी.एड.ला बसायला सांगून गेले. मला बापूजी मास्तरांशी सलोखा ठेवायला सांगितलं.

२५ मे, सकाळ
आईचा गोळाभात झकास झाला म्हणालो. तिने विचारलं, हे परयोगातलं का खरं? खरं, म्हणालो. तिने न विचारता आणखी वाढलं.
संकल्प: आजपासून कूलरला हात लावणार नाही. संशोधकाने स्वतःला ओळखलं पाहिजे.

दुपार
कोकिळा सहज म्हणाली, काल तुमी भरलेलं पाणी आजून गार आहे.
भर मे महिन्यात हे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे.
भरून आलो.