खंडेनवमीला विसावलेला कॉम्प्युटर

बालाघाट,
९ ऑक्टोबर २०००

चि. सौ. ऋताला अनेक आशीर्वाद. नागपूरला रजतराव आणि छोटी प्राची मजेत असतील. इकडे माझा गुडघा जिथल्या तिथे आहे, तुझ्या आईची साखर जरा वर आहे आणि तुझ्या धाकट्या भावाची कावीळ उतरली आहे. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, विद्वत्ता मात्र कायम आहे.

पुण्याहून विश्रांतीसाठी पाठवलेला हा मुलगा सोबत कॉम्प्युटर घेऊन आला, हे तुला माहीत आहेच. अपूर्व पीएच.डी. कशात करतो, असं इथे रोज कोणीतरी मला विचारतं. (पूर्वी मी 'केमिस्ट्री' म्हणून सुटत असे. आता सगळं माझ्याच बैठकीत चाललं आहे, तेव्हा सुटका नाही.) तर ऐक. न मिसळणारे दोन द्रव घुसळले तर ते मिसळत नाहीत, यावर चिरंजीवांचं संशोधन आहे. तेही प्रत्यक्ष घुसळून नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात खोटं तेल, खोटं पाणी आणि हल्ली वितळलेली दोन खोटी प्लास्टिकं. पडद्यावर निळ्यात लाल थेंब दिसतात. सकाळी पाहावं तर थेंब, संध्याकाळी पाहावं तर तेच थेंब, किंचित लठ्ठ झालेले. मी मलेरिया खात्यात उकवा-बिरसा भागातल्या डबक्यांवर जन्मभर तेल ओतलं. ते पाण्यावर तरंगायचं आणि निदान डासांच्या अळ्या मरायच्या.

या थेंबांना विजेचा चढउतार सोसत नाही, म्हणून घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद, पाण्याची मोटर बंद. तुझी आई चटणी पाट्यावर वाटते आणि वर लेकाचं कौतुक करते. लाईट गेली की यूपीएस नावाची पेटी असं किंचाळते की शेजारचे बाबूलालजी धावत येऊन माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

अशात खंडेनवमी आली. आपल्या घरात त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि दिवसभर त्यांना विसावा देतात, हे तुला सांगायला नको. माझा फवारणीचा पंप, आईची विळी, शिलाई मशीन आणि यंदा, मोठ्या मनाने, कॉम्प्युटर. अपूर्व आंघोळीला गेला होता. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि चालत्या हत्याराची पूजा कशी करायची, म्हणून खटका बंद केला. (पेटी किंचाळली. तिलाही विसावा दिला.)

अपूर्व ओल्या टॉवेलानिशी बाहेर आला. "बाबा, तुमी काहून हात लावला?" एवढंच म्हणाला आणि तसाच काळ्या पडद्यासमोर बसला. गणपतीपासून चाललेला हिशोब गेला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच होतं आणि त्याच्या सरांना ते दिवाळीआधी हवं होतं, नाहीतर आणखी एक वर्ष. झालेला हिशोब मधूनमधून साठवायचा असतो, तो राहून गेला म्हणे. आम्हांला दौऱ्याची डायरी रोजच्या रोज भरावी लागे, पण आम्ही कुठे शिकलेले! असो. खरं सांगतो, त्याचा चेहरा मला पाहवला नाही. बापाने चूक कबूल कशी करायची, याचं प्रशिक्षण मात्र खात्याने कधी दिलं नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत होतं. "त्याले सांग, जेवाले ये," असं मी समोर बसलेल्या त्याच्याबद्दल तिला सांगतो. तो शुक्रवारी पुण्याला निघणार आहे आणि दिवाळीला येणार नाही, हेही मला तिच्याकडूनच कळलं. जाईना का! घरात मिक्सर तरी फिरेल.

रजतरावांना नमस्कार, प्राचीला पापा.

तुझे बाबा

ता.क. अपूर्व परवा आईला समजावत होता. (मी पेपरामागे होतो, वाचत नव्हतो.) तेल आणि पाणी एकत्र नांदवायचं तर चिमूटभर तिसरं काहीतरी लागतं. त्याचं एक टोक तेलाला धरून राहतं, दुसरं पाण्याला, आणि ते बिचारं दोघांच्या मधे उभं असतं. तुझी आई उभी राहून दमली आहे. तू शुक्रवारच्या आत ये. त्याच्याशिवाय मला दिवाळी नको. मी बोलावलं असं त्याला सांगू नकोस.

ता.क. दुसरा, आईकडून. ऋता, हे पत्र तुह्या बाबायनं हप्ताभर खिशातच फिरवलं, आता धुवाले टाकलेल्या सदऱ्यात मले सापडलं. अपूर्व कुठी नाही गेला. बुधवारी बाबायनंच कॉम्प्युटरवरचं फूल उचललं अन् खटका चालू केला. पोट्टा बसला पुन्हा हिशोब लावत. सरायनं दिवाळीनंतरची मुदत देली म्हणते. तवापासून हे रोज सकाळी बिजली ऑफिसात जाऊन बसतेत, लाईट जाऊ नये म्हणून. अन् घरात मिक्सर लावाले आता बाबायचीच मनाई हाय. तू दिवाळीले येच, अन् येतानी तिकडूनच पिठीसाखर दळून आणजो.